किल्ली काढली, तरी गाडी चालूच!

मर्सिडीज म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सिनेमातला शेठ येतो. माझ्या डोळ्यांसमोर येतो तो किन्हवलीच्या अंगणात, बॉनेटमध्ये डोकं घालून उभा असलेला आमचा मामा.

पुण्यात मर्सिडीज तयार होऊ लागली 1995 मध्ये. मामाची गाडी त्याच्या आधीची, परदेशातून आलेली 1983 ची 300 डी. डब्ल्यू 123 या मालिकेतली. 1975 च्या अखेरीपासून 1986 च्या सुरुवातीपर्यंत या मालिकेच्या सुमारे 27 लाख गाड्या निघाल्या, आणि जर्मनीत त्यातल्या कितीतरी टॅक्सी म्हणून धावल्या. मामाला ती स्वस्तात मिळाली. लाड पुरवायची वेळ नंतर आली!

आधी मागच्या डाव्या दाराचं लॉक आपोआप लागेना. "हाताने लावू, त्यात काय!" इति मामा. आठवड्याने वेगळंच. किल्ली फिरवली, काढून खिशात टाकली, तरी इंजिन आपलं धडधडतंय! शेवटी इंजिनवरचा 'स्टॉप'चा लिव्हर हाताने दाबला, तेव्हा गप्प झालं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, डिझेल पंप खोलावा लागेल. खर्च ऐकून मामा गाडी भंगारात काढायला निघाला.

आता थोडी थिअरी. पेट्रोल इंजिन स्पार्क तोडला की थांबतं. डिझेलला स्पार्कच नाही. दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. थांबवायचं तर डिझेलच तोडायला हवं. या गाडीत ते काम व्हॅक्यूम करतो. किल्ली बंद केली की तिच्यामागचा व्हॉल्व्ह उघडतो, इंजेक्शन पंपावरच्या डबीतला रबरी पडदा ओढला जातो आणि डिझेल बंद.

हा व्हॅक्यूम येतो कुठून? पेट्रोल गाडीत थ्रॉटल हवा अडवतो, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये तो आयता मिळतो. डिझेलमध्ये हवा न अडता आत जाते, म्हणून इंजिनवर वेगळा व्हॅक्यूम पंप बसवतात. मामाच्या गाडीत त्या एकाच पंपावर ब्रेकचा बूस्टर, इंजिन बंद करणारी डबी आणि दारांची लॉकसुद्धा! सगळीकडे बारीक नळ्यांचं जाळं. म्हणजे एका दारातला पडदा फाटला की बाकीच्यांचाही जोर जातो.

सुट्टीत गेलो तेव्हा दारांकडे जाणारी नळी काढली आणि जोडाचं तोंड बॉलपेनच्या टोकाने घट्ट बुजवलं. इंजिन चालू केलं, किल्ली बंद केली. खट्! थांबलं. मग एकेक दार तपासत गेलो. गुन्हेगार तेच, मागचं डावं दार. रबर वयाने चिरलेलं. डिझेल पंप ठणठणीत होता. मामा म्हणाला, "भाचेबुवा, कॉलेजात हेपण शिकवतात काय?" मी गप्प. थर्मलच्या व्हायव्हात मला हाच व्हॅक्यूम पंप सांगता आला नव्हता.

इंजिन थांबत नाही ही गंमत झाली, पण ब्रेकची गंमत नाही. व्हॅक्यूम गेला तरी ब्रेक लागतो, मात्र पेडल दगडासारखं होतं, सगळा जोर पायाने लावावा लागतो. बूस्टरच्या व्हॉल्व्हमुळे साठलेला व्हॅक्यूम एक-दोनदा दाबण्यापुरताच टिकतो. मामाची मुलगी ओतूरला दिलेली. सरळगाव, टोकावडे करत माळशेज चढणं-उतरणं नेहमीचंच. उतारावर हे कळून काय उपयोग?

म्हणून एक साधी परीक्षा सांगतो. इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर असलेल्या कुठल्याही गाडीत चालते, सरांच्या गाडीतही! इंजिन बंद ठेवून, पेडल कडक होईपर्यंत चार-पाचदा दाबा. मग तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं तर गाडी आधी मेकॅनिककडे न्या, घाट नंतर.

दारात नवा पडदा बसला, गाडी अंगणातच राहिली. मामा मात्र अजूनही किल्ली काढल्यावर दोन सेकंद कान देऊन उभा राहतो.