आदेश व नियंत्रण प्रणाली (सागरी सुरक्षा)

आदेश व नियंत्रण प्रणाली (कमांड अँड कंट्रोल) म्हणजे संरक्षण किंवा सुरक्षेच्या कार्यात माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे, निर्णय घेणे, तो संबंधितांपर्यंत पोचवणे आणि त्याची अंमलबजावणी झाली की नाही हे पाहणे, यांसाठी उभारलेली माणसे, कार्यपद्धती आणि साधने यांची एकत्रित व्यवस्था होय. संगणक, रडार व पडदे हा या व्यवस्थेचा केवळ एक भाग आहे. कोणी कोणाला कळवायचे आणि कोणाच्या शब्दावर कोणी हालचाल करायची, हे आधी ठरलेले असणे हा तिचा गाभा समजला जातो. महाराष्ट्रात या प्रणालीचे महत्त्व सागरी सुरक्षेच्या संदर्भात विशेष जाणवले. नवी मुंबईतील सारसोळे यांसारख्या खाडीकाठच्या गावांचाही या व्यवस्थेशी प्रत्यक्ष संबंध येतो.

संकल्पना

'आदेश' आणि 'नियंत्रण' हे शब्द जोडीने वापरले जात असले तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत. आदेश हा अधिकार आहे आणि त्या अधिकारासोबत परिणामांची जबाबदारीही येते. नियंत्रण ही प्रक्रिया आहे. दिलेल्या आदेशानुसार कोण कोठे आहे, काय करीत आहे आणि परिस्थिती कशी बदलली, याची सतत नोंद ठेवून आवश्यक ती दुरुस्ती करणे म्हणजे नियंत्रण. अधिकार स्पष्ट असूनही माहिती पोचत नसेल तर आदेश आंधळा ठरतो. याउलट, माहिती भरपूर असून निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेले नसेल तर ती माहिती निरुपयोगी ठरते.

अमेरिकी वायुदलातील अधिकारी जॉन बॉइड यांनी निर्णयप्रक्रियेचे वर्णन निरीक्षण, आकलन, निर्णय आणि कृती अशा चार टप्प्यांच्या चक्राच्या रूपात केले. कृतीमुळे परिस्थिती बदलते आणि पुन्हा निरीक्षण सुरू होते. हे चक्र प्रतिपक्षापेक्षा लवकर पूर्ण करणाऱ्या बाजूला लाभ मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

संदेशवहनाची आधुनिक साधने येण्यापूर्वीही ही गरज होतीच. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले, त्या वेळी बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड लढवली. महाराज सुखरूप पोचल्याची खूण म्हणून गडावरून तोफांचे आवाज करायचे ठरले होते, असे परंपरा सांगते. कोणती खूण, कोणाकडून आणि तिचा अर्थ काय हे आधी ठरलेले असणे, हे आदेश व नियंत्रणाचे मूलतत्त्व या कथेत दिसते.

आधुनिक काळातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९४० मध्ये ब्रिटनच्या हवाई संरक्षणासाठी ह्यू डाउडिंग यांच्या नेतृत्वाखाली वापरली गेलेली व्यवस्था. किनाऱ्यावरील रडार केंद्रांची माहिती लंडनजवळील बेंटली प्रायरी येथे येई. तेथे ती पडताळून व गाळून मगच लढाऊ विमानांच्या तळांकडे पाठवली जाई. ही रडारे समुद्राकडे तोंड करून उभी असल्यामुळे विमाने किनारा ओलांडून आत आली की त्यांचा माग दुर्बिणी घेऊन बसलेले निरीक्षक ठेवत. यंत्राची दृष्टी जेथे संपते तेथे माणसाची दृष्टी लागते, हा या व्यवस्थेचा धडा आजच्या किनारी सुरक्षेलाही लागू पडतो.

महाराष्ट्राचा किनारा

१९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे समुद्रमार्गे स्फोटके उतरवण्यात आली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल, सीमाशुल्क विभाग व पोलीस यांच्या संयुक्त गस्तीसाठी 'ऑपरेशन स्वान' सुरू झाले.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत शिरले. कराचीहून निघालेल्या या टोळीने 'कुबेर' ही भारतीय मच्छीमार नौका ताब्यात घेतली आणि शेवटचे अंतर रबरी होडीने कापून कफ परेड भागातील मच्छीमार वसाहतीजवळ किनारा गाठला. तेथील कोळी रहिवाशांनी या अनोळखी तरुणांना उतरताना पाहिले होते. या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचा तळ हरियाणातील मानेसर येथे असल्याने त्याचे जवान दुसऱ्या दिवशी सकाळी कारवाईत उतरू शकले. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने या घटनेची चौकशी केली. संकटकाळासाठी ठरवून दिलेली प्रमाण कार्यपद्धती पाळली गेली नाही, याकडे समितीने लक्ष वेधले.

२००८ नंतरची रचना

फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्र सरकारने संपूर्ण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे सोपवली आणि प्रादेशिक जलक्षेत्रातील किनारी सुरक्षेसाठी तटरक्षक दलाला उत्तरदायी केले. किनाऱ्यालगतचे पाणी व खाड्या राज्याच्या सागरी पोलिसांकडे, त्यापुढील पाणी तटरक्षक दलाकडे आणि खोल समुद्र नौदलाकडे, अशी साधारण त्रिस्तरीय विभागणी आहे. या सर्वांचा समन्वय साधण्यासाठी मुंबई, कोची, विशाखापट्टणम व पोर्ट ब्लेअर येथे संयुक्त परिचालन केंद्रे उभारण्यात आली. नौदल तळांच्या रक्षणासाठी 'सागर प्रहरी बल' स्थापन झाले.

किनाऱ्यावरील रडार साखळी व नौकांची स्वयंचलित ओळख प्रणाली यांतून मिळणारी माहिती एकत्र करण्याचे काम गुरुग्राम येथील माहिती व्यवस्थापन व विश्लेषण केंद्र करते. त्याचे उद्घाटन नोव्हेंबर २०१४ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते झाले. हे केंद्र नौदल व तटरक्षक दलाच्या ५१ ठाण्यांना जोडणाऱ्या जाळ्याचा मध्यबिंदू आहे. मित्रदेशांशी माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी २२ डिसेंबर २०१८ रोजी तेथेच हिंद महासागर क्षेत्राचे माहिती केंद्र सुरू झाले.

सारसोळे आणि खाडीकाठ

सारसोळे हे नवी मुंबईतील नेरूळ उपनगरात, पाम बीच मार्गालगत असलेले मूळ गाव आहे. गावातील कोळी बांधवांच्या होड्या येथील जेट्टीवरून खाडीत जातात. शहर वसण्याच्या आधीपासून चालत आलेला मासेमारीचा व्यवसाय उंच इमारतींच्या सान्निध्यातही येथे टिकून आहे. समोरच्या काठावर तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि दक्षिणेला उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदर अशी महत्त्वाची ठिकाणे असल्याने हे पाणी सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील आहे.

अशा भागात यांत्रिक निगराणीला मर्यादा पडतात. स्वयंचलित ओळख प्रणाली मोठ्या जहाजांना आणि २० मीटरहून लांब मासेमारी नौकांना लागू आहे. खाडीतील होड्या त्याहून बऱ्याच लहान असतात. लाकडी किंवा फायबरच्या बुटक्या होडीचा रडारवरील ठसा क्षीण असतो आणि लाटांच्या गोंधळात तो हरवू शकतो. कांदळवनामुळे काठाचा मोठा भाग नजरेआड राहतो. कोणती होडी कोणाची, ती कोणत्या भरतीला निघते आणि कोणता चेहरा अनोळखी आहे, हे मात्र रोज पाण्यात जाणारा मच्छीमार सहज ओळखतो. म्हणूनच सागरी सुरक्षेत मच्छीमारांना 'डोळे आणि कान' म्हटले जाते.

संशयास्पद हालचाल कळवण्यासाठी सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत. महाराष्ट्रात सर्व आपत्कालीन सेवांसाठी ११२ हा क्रमांक असून त्याची नियंत्रण केंद्रे नवी मुंबई व नागपूर येथे आहेत. मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देणे आणि राज्यनिहाय ठरलेल्या रंगाने नौका रंगवणे हे उपायही योजण्यात आले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून मासेमारी नौकांवर भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेली संपर्क यंत्रे बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. एक लाख यंत्रे बसवण्याचे योजनेचे उद्दिष्ट आहे. वादळाची सूचना मिळवणे आणि संकटात मदत मागणे यांसाठीही ती उपयोगी पडतात.

सराव

व्यवस्थेची परीक्षा घेण्यासाठी 'सागर कवच' हा सराव राज्याच्या किनाऱ्यावर वेळोवेळी होतो. त्यात एक पथक घुसखोरांची भूमिका घेऊन किनारा गाठण्याचा प्रयत्न करते आणि दुसरे त्याला रोखते. घुसखोर पथक यशस्वी झाल्यास व्यवस्थेतील फट कळते. त्यामुळे सरावातील अपयशही उपयुक्त मानले जाते. जानेवारी २०१९ पासून 'सी व्हिजिल' हा देशव्यापी सरावही सुरू झाला आहे.

मर्यादा आणि प्रश्न

जुलै २०११ च्या अखेरीस 'पवित' हे सोडून दिलेले तेलवाहू जहाज ओमानकडून वाहत येऊन थेट मुंबईच्या जुहू किनाऱ्याला लागले. त्रिस्तरीय सुरक्षा असूनही ते आधी कोणाच्या लक्षात आले नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ शस्त्रे असलेली एक निर्मनुष्य नौका आढळली. ती ओमानजवळ संकटात सापडून सोडून दिलेली होती व त्यामागे घातपाताचा हेतू दिसून आला नाही. तरीही ती किनाऱ्याला लागेपर्यंत कोणालाच कळले नाही, हा प्रश्न उरलाच.

याच्या उलट उदाहरण उरणचे आहे. २२ सप्टेंबर २०१६ रोजी शाळकरी विद्यार्थ्यांनी सशस्त्र संशयित पाहिल्याचे सांगितले आणि नौदल व पोलिसांनी मोठी शोधमोहीम राबवली. संशयित सापडले नाहीत. तथापि, मुलांचा शब्द हसण्यावारी न नेता तो काही तासांत निर्णयाच्या पातळीपर्यंत पोचला, हे व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. खोटा ठरलेला इशारा आणि न दिलेला इशारा यांत दुसऱ्याची किंमत अनेकपटींनी जास्त असते.

दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे. खबर देणाऱ्याला पुढे काय झाले हे कळले नाही किंवा त्याचाच वेळ तपासणीत व जबाबात गेला, तर तो पुढच्या वेळी गप्प राहण्याचा संभव असतो. मच्छीमाराचा एक दिवस बुडणे म्हणजे एक दिवसाची कमाई बुडणे होय. त्यामुळे माहिती वरच्या दिशेने जाते त्याचप्रमाणे तिची पोच खालच्या दिशेने परत येणे, हा प्रणालीचा आवश्यक भाग आहे. केंद्रातील पडदा कितीही मोठा असला, तरी त्यावर उमटणारी पहिली खूण अनेकदा जेट्टीवर उभ्या असलेल्या माणसाकडूनच येते.

हे सुद्धा पहा

भारतीय तटरक्षक दल
२६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला
ठाणे खाडी
कोळी समाज
नेरूळ