कान आणि मेंदू (लेखांक 5) : हाक आली कुठून?

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला मामांच्या घरी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मामांना लकवा मारून चार महिने झाले होते. मामा छपरीत बाजेवर बसलेले, मोबाइल डाव्या मांडीशी. तो वाजला आणि मामा उजवीकडे उशीखाली चाचपू लागले. मामींनी डावीकडून हाक दिली, तर त्यांनी उजव्या हाताच्या दाराकडे पाहिलं. “अवं, कुठून बोलून राह्यली तू?”

घरच्यांचा समज झाला, कान गेले. ऑडिओमेट्री केली, वयाच्या मानाने दोन्ही कान ठीक निघाले. मग ‘लक्षच देत नाहीत’ असा ठपका मामांवर आला. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण यात त्यांचा काहीच दोष नव्हता.

आवाज ऐकतो कान, पण तो कुठून आला हे ठरवतो मेंदू. डावीकडची हाक डाव्या कानात आधी पोचते, डोक्याला वळसा घालून उजव्यात नंतर. हा फरक फार तर 0.7 मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी! मेंदूच्या देठातल्या पेशी तेवढाही फरक हेरतात. बारीक, उंच पट्टीच्या आवाजाला डोकंच आडवं येतं, म्हणून तो पलीकडच्या कानाला हळू ऐकू येतो; तीही खूण कामी येते. ही माहिती वर मोठ्या मेंदूत जाते आणि तिथे भोवतालचा नकाशा तयार होतो.

एका कानाचा आवाज मेंदूच्या दोन्ही बाजूंना जातो. त्यामुळे मोठ्या मेंदूच्या एकाच बाजूला लकव्याचा झटका बसला तर माणूस सहसा बहिरा होत नाही. बिघडतो तो नकाशा. मामांचा झटका उजव्या मेंदूतला. डावं अंग लुळं पडलं आणि डावीकडच्या जगाचं भानही ओसरलं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची, ते दिसत होतं. डावीकडच्या आवाजाचंही तेच झालंय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. 16 ऑगस्टला आष्टीत 1942च्या लढ्यातल्या हुतात्म्यांसाठी गाव जमतं, तिथल्या भोंग्याच्या गलक्यात तर शेजारच्याचं बोलणंही त्यांना निवडता येईना.

झटक्याने खरोखर कान जाण्याचा प्रकार वेगळा. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी अगदी बारीक, आणि तिला पर्यायी वाट नाही. तिथे किंवा तिच्या मूळ धमनीत अडथळा आला तर एका कानाने एकाएकी ऐकू येईनासं होतं, सोबत भोवळ येते, चालताना तोल जातो. अशा वेळी कानात तेल घालत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. आष्टी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. सेवाग्रामचं रुग्णालय गाठायचं तर आर्वी ओलांडून जावं लागतं. तो वेळ धरून रुग्णवाहिकेसाठी 108ला लगेच फोन करावा.

मामांच्या घरी आम्ही थोडे बदल केले. बोलताना टीव्ही बंद. एका वेळी एकानेच बोलायचं, आधी समोर येऊन. रस्त्यावर त्यांच्या डाव्या अंगाला कुणीतरी हवंच, कारण मोटारसायकलचा हॉर्न ऐकू येऊनही ते भलतीकडे सरकत. पुढे काही महिन्यांत फरक पडला, पुरता नाही.

मामी आता लांबून हाक मारत नाहीत. डाव्या खांद्यावर हात ठेवतात, मामांची मान वळेपर्यंत थांबतात आणि म्हणतात, “इथंच आहो न मी, तुमच्या डाव्या बाजूले.”