नोंदीचा क्रमांक पुढे कसा जातो?

श्रोतेहो, सातबाराचा उतारा तुम्ही सर्वांनी हाताळलेला आहे. खातेदाराच्या नावासमोर तिथे एक आकडा असतो. त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो फेरफाराचा क्रमांक. विक्री, वाटणी, वारस, जमिनीच्या हक्कात काहीही बदल झाला की गाव नमुना ६ मध्ये त्याची नोंद होते, नोंदीला क्रमांक पडतो आणि तोच पुढे सातबारावर येतो. वीस वर्षांनी कोणी विचारले, ‘हे नाव इथं आलं कसं?’ तर त्या आकड्याचे बोट धरून मागे जाता येते.

आता हे काम संगणकावर चालते. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की माहिती फेरफारासाठी पुढे जाते. नोंद धरली जाते, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबारा बदलतो. एका पायरीने काम दुसरीच्या हाती द्यावयाचे. पण दुसरीला कळावे कसे, की आपण कोणत्या नोंदीवर काम करीत आहोत?

नावावरून? एकाच गावात एका नावाचे दोघे निघतात. शिवाय एका कागदावर ‘बाळू’ तर दुसऱ्यावर ‘बाळासाहेब’. तेव्हा नाव नव्हे, क्रमांकच पुढे गेला पाहिजे.

खरी गोम पुढे आहे. हा क्रमांक नोंद घालताना डेटाबेस स्वतः देतो. नोंद घालणाऱ्या आज्ञावलीला तो आधी ठाऊक नसतो. मग घाईचा प्रोग्रामर काय करतो? नोंद घालतो आणि विचारतो, ‘सर्वांत मोठा क्रमांक कोणता?’ उत्तर येते ४५१. तोच पुढे पाठवतो. वरवर पाहता बरोबर! पण समजा, त्याची नोंद होती ४५०, आणि तो विचारेपर्यंत दुसऱ्या टेबलावरून ४५१ पडली. आता नोटीस निघणार ती भलत्याच जमिनीची. अशा चुका चाचणीत सहसा सापडत नाहीत, कारण चाचणी घेणारा बहुधा एकटाच बसलेला असतो. कचेरीत गर्दी झाली की त्या उगवतात.

याला उपाय साधा आहे. नोंद घालतानाच म्हणावयाचे, ‘हिला पडलेला क्रमांक मला दे.’ पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्यासाठी ‘रिटर्निंग’ हा शब्द आहे. मायएसक्यूएलमध्ये नंतर विचारले तरी चालते, कारण तो प्रत्येक जोडणीचा शेवटचा क्रमांक वेगळा लक्षात ठेवतो. शेजाऱ्याचा आपल्याला देत नाही. मिळालेला क्रमांक मग प्रत्येक पायरीने जसाच्या तसा पुढे द्यावयाचा, पुन्हा शोधावयाचा नाही.

‘जसाच्या तसा’ म्हणणे सोपे आहे. शिक्षक बंधुभगिनींना हे चांगले ठाऊक असेल. सरल प्रणालीत विद्यार्थ्याचा क्रमांक १९ अंकी असतो. तो एक्सेलच्या तक्त्यात नुसता भरला तर एक्सेल त्याला बेरीज-वजाबाकीचा आकडा समजते, आणि असल्या आकड्याचे पहिले १५ अंकच ते सांभाळते. शेवटचे चार शून्य होतात. वर्गातील पोरे ओळखायची ती नेमकी याच शेवटच्या अंकांवरून! ती यादी पुढच्या पायरीला गेली की शेजारशेजारच्या क्रमांकांची सगळी मुले एकच होऊन बसतात. मग शिष्यवृत्ती कोणाच्या नावावर पडावी?

क्रमांक म्हणजे अंकांत लिहिलेले नावच. त्याची बेरीज कोणी करीत नाही. म्हणून तो रकाना आधी ‘मजकूर’ या प्रकारचा करावा आणि मगच क्रमांक भरावेत. भरून झाल्यावर प्रकार बदलला, तर गेलेले अंक परत येत नाहीत.