चंद्रावरचा ससा आणि आमच्या विहिरीचा दगड



पौर्णिमेच्या चंद्रावर काळे डाग दिसतात. आमची आजी म्हणते, तो ससा आहे. तुमच्या घरी कुणी त्याला हरीण म्हणत असेल. हा ससा खरोखर कशाचा बनला आहे, ते मी आज सांगणार आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी आपले चंद्रयान-३ चंद्रावर, दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरले. मी तेव्हा चौथीत होतो. आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा म्हणाले, "चांगलं झालं. पण चांदाशी आपलं काय काम?" आबा विहिरी खोदतात. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. ते आता सापडले, आणि सापडले ते आबांच्याच कामात!

आपल्याकडे विहीर खोदताना आधी काळी माती लागते, मग मुरूम लागतो आणि मग कठीण काळा दगड. पहार मारली तर ठिणगी उडते. या दगडाला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला शिलारस बाहेर आला. त्याचे थरावर थर पसरले आणि थंड होऊन त्यांचा हा दगड झाला. आपल्या सातपुड्यातही हाच दगड आहे.

चंद्रावरही असेच घडले. तिथे मोठमोठ्या उल्का आदळून प्रचंड खड्डे पडले. पुढे, तीनशे ते चारशे कोटी वर्षांपूर्वी, आतला शिलारस वर येऊन त्या खड्ड्यांत भरला. त्याचाही बेसाल्टच झाला. त्यात लोह जास्त असते, म्हणून तो काळपट दिसतो. तोच आजीचा ससा! ही नुसती कल्पना नाही. १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेचे १२ अंतराळवीर चंद्रावर उतरले. त्यांनी ३८२ किलो दगडमाती आणली, त्यात हा दगड मिळाला. सशाभोवतीचा उजळ भाग मात्र वेगळ्या, फिकट दगडाचा आहे. आपले यान उतरले ते या फिकट मुलखात.

चंद्रासारखा खड्डा आपल्या महाराष्ट्रातही आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा खड्डा सुमारे १८०० मीटर रुंद आहे. तिथे उल्का आपल्या याच काळ्या दगडावर आदळली. दणका एवढा मोठा, की दगडातल्या खनिजाची काच झाली! ती काच शास्त्रज्ञांना सापडली आणि १९७३ साली त्यांनी ते सिद्ध केले. म्हणून चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारचे दगड तपासतात.

आता तुम्ही विचाराल, दगड एकाच जातीचा, तर मग चंद्रावर कापूस आणि मिरची का नाही? कारण आपल्याकडे हवा, पाऊस आणि झाडांची मुळे हजारो वर्षे दगड झिजवतात, तेव्हा काळी माती होते. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही. उल्कांच्या माऱ्याने दगडाची नुसती भुकटी होते. चंद्रयान-१ मुळे २००९ साली चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचे कळले, पण तिथे ओढा नाही की नाला नाही. चंद्रयान-३ ने जमिनीची उष्णता मोजली. वर सुमारे ७० अंश, आणि चार बोटे खाली शून्याच्याही खाली १० अंश! तिथे बी रुजणार कसे?

हे सगळे मी आबांना सांगितले. त्यांनी विहिरीतला एक दगड उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हाऊ दगड चांदवर बी से?" मी म्हटले, "हो, याच जातीचा." मग त्यांनी बांधावरचे मातीचे ढेकूळ उचलून हातात चुरडले. म्हणाले, "मंग आपली माती लई मोलाची से."

मित्रांनो, चंद्रावर जाऊन माणसाला आपल्या मातीचीही किंमत कळते. हेच माझे उत्तर.

आबांनी दिलेला तो दगड या भित्तिपत्रकाखाली ठेवला आहे. पालकांनीही हातात घेऊन पाहावा, आणि पाहून झाल्यावर तिथेच ठेवावा. येत्या पौर्णिमेला अंगणात येऊन सशाकडेही जरूर बघा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी