पोट भरते कशाने?

ताटातले अन्न किती दिसते आणि त्यात कॅलरी किती असतात, यांचा मेळ क्वचितच बसतो. एक ग्रॅम तेलात किंवा तुपात ९ कॅलरी असतात, पिष्टमय पदार्थांत आणि प्रथिनांत ४, तंतूंत त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि पाण्यात शून्य. म्हणूनच १०० कॅलरींची काकडी खायची तर साडेसहाशे ग्रॅम खावी लागते आणि शेंगदाणे खायचे तर जेमतेम १७ ग्रॅम, म्हणजे एक मूठही नाही. भूक शमते ती मुख्यतः दोन वाटांनी. जठराच्या भिंती ताणल्या गेल्या की मेंदूला संदेश जातो आणि अन्न लहान आतड्यात उतरू लागले की तिथून तृप्तीची संप्रेरके स्रवतात. प्रथिनांमुळे हा दुसरा संदेश अधिक ठळक होतो. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात, त्यामुळे भराभर जेवणाऱ्याला पोट भरल्याचे उशिरा कळते.

सिडनी विद्यापीठातील सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे प्रत्यक्ष मोजून पाहिले. ३८ पदार्थ निवडून प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी भुकेची विचारपूस केली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरल्यावर माशाला २२५ मिळाले, लोण्याचे थर दिलेल्या क्रोइसाँला अवघे ४७ आणि सर्वांत वर राहिलेल्या उकडलेल्या बटाट्याला ३२३. वजन उतरवायचे ठरले की मराठी घरांत पहिली गदा बटाट्यावर येते, हे या आकड्यांपुढे अन्यायाचेच म्हणावे लागेल. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात ९० कॅलरीही नसतात. वडा जड होतो तो तळणीच्या तेलाने आणि भोवतालच्या बेसनाने. मधुमेह असलेल्यांनी मात्र बटाटा किती खावा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायला हवे.

पाण्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्त्रियांना जेवणाआधी कोंबडी, भात आणि भाज्यांचा एकच पदार्थ तीन तऱ्हांनी दिला गेला: नुसता, सोबत पेलाभर पाणी देऊन आणि तेवढेच पाणी त्यात घालून सूप करून. सूप घेतल्यावर त्या पुढच्या जेवणात सुमारे १०० कॅलरी कमी जेवल्या. वेगळ्या प्यालेल्या पाण्याचा तसा परिणाम दिसला नाही.

मराठी स्वयंपाकात असे पाणी पोटात धरणारे पदार्थ मुबलक आहेत. मुगाचे कढण, टोमॅटोचे सार, ताकाची कढी, दुधी किंवा लाल भोपळा घातलेली पातळ आमटी, कुळथाचे पिठले. बेसनाच्या पिठल्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ३० ग्रॅम बेसनात सुमारे ११५ कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात. ते दीड वाटी पाण्यात शिजवून चहाच्या चमचाभर तेलाची फोडणी दिली, तर दीडशे-पावणेदोनशे कॅलरींत भरपूर पिठले होते. सोबत ५० ग्रॅम पिठाची, तेलाशिवाय थापलेली ज्वारीची भाकरी, म्हणजे आणखी साधारण १७० कॅलरी. वर दही घातलेली काकडीची कोशिंबीर घेतली तरी जेवण चारशेच्या आत राहते आणि तीन-चार तास भूक आठवत नाही. हेच बेसन झुणक्यात तेल पीत मोकळे होते, तिथे आकडा झपाट्याने वाढतो.

वजन उतरवणाऱ्यांचे पथ्य मोडते ते बहुतेकदा चवीपायी. बिनफोडणीचा दुधी चार दिवस खाता येतो, चार महिने नाही. मोहरी, जिरे, हिंग, लसूण, कढीपत्ता यांचा सुवास तेलात उतरतो, त्यामुळे फोडणीला तेल हवेच. पण चहाचे दोन चमचे तेल चार माणसांच्या आमटीला पुरते, म्हणजे माणशी २० कॅलरी. लहान पळीत ही फोडणी वेगळी करून शेवटी वरून ओतली, की तिचा वास शिजण्यात विरून न जाता पहिल्या घासाला जाणवतो. आंबटपणाला तर तेल लागतच नाही. कोकम, कैरी, लिंबू, आंबट ताक यांनी पातळ पदार्थालाही धार येते. मूठभर भाजलेला जवळा टाकला की साधी कोबीची भाजीही खमंग होते.

धुराची चव हा यातला सर्वांत मोठा ठेवा. वांगे कढईत तळले तर ते तेल शोषत राहते, पण निखाऱ्यावर भाजले तर १०० ग्रॅमला २५ कॅलरींवरच थांबते आणि चवीत कितीतरी पुढे जाते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या भरिताच्या वांग्यांचे नाव याच चवीमुळे झाले. खानदेशात भरितावर सढळ हाताने तेल पडते, शेंगदाणेही पडतात. ते आवरते घेऊन कांद्याची पात, लसूण आणि हिरवी मिरची वाढवली, तरी भरीत भरीतच राहते.

उपासाच्या साबुदाणा खिचडीत मात्र हात आखडूनही फारसे साधत नाही. ५० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम दाण्याचे कूट, पोह्याच्या चमचाभर तूप आणि बटाट्याच्या चार फोडी मिळून एक बशी ४५० कॅलरींच्या आसपास जाते. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतातच, म्हणून ती जड वाटूनही भूक लवकर परत येते. वरीचे तांदूळ तिपटीहून अधिक पाणी पितात. ते पातळ दाण्याच्या आमटीसोबत खाल्ले, तर कमी कॅलरींत उपास निभतो. मिसळीत मात्र हात आखडला तर बरेच साधते. मोड आलेल्या मटकीची उसळ प्रथिनांनी आणि तंतूंनी भरलेली असते, भार असतो तो वरची तर्री आणि फरसाण यांचा.

घरखर्चाच्या वहीतूनही हा हिशेब लागतो. माणशी महिन्याला एक लिटर तेल संपत असेल, तर रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे २७५ कॅलरी तेलातूनच येतात. ते अर्ध्या लिटरवर आणले की रोजच्या १३५ कॅलरी वाचतात. वजन हळूहळू उतरवण्यासाठी दिवसाला सुमारे ५०० कॅलरींची तूट सर्वसाधारणपणे सुचवली जाते. तिचा चौथा हिस्सा ताटातला एकही पदार्थ न गाळता भागतो.

उरते ती संध्याकाळची भूक. बिस्किटे, फरसाण घरात येतात ते याच वेळी. तेव्हा मोठ्या भांडेभर कुरमुऱ्यांत, म्हणजे २० ग्रॅमला ७५ कॅलरींत, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, काकडी, कैरी, उकडलेले हिरवे मूग, कोथिंबीर आणि हिरवी चटणी घालून सुकी भेळ करता येते. शेव वरून भुरभुरण्यापुरती घ्यावी, कारण १० ग्रॅम शेवेतच पन्नासहून अधिक कॅलरी असतात.