म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका

साठीनंतर बऱ्याच पुरुषांना रात्री लघवीला तीन-चारदा उठावं लागतं, धार बारीक होते, जाऊन आलं तरी मोकळं वाटत नाही. घरातली वडीलधारी मंडळी लाजेपोटी हे वर्षानुवर्षं सांगत नाहीत, याचं फार वाईट वाटतं; कारण यावर चांगले उपचार आहेत.

मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते आणि मार्ग आवळते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून तपासणी हवी: लघवीची, सोनोग्राफी, गरजेनुसार रक्तातल्या पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाची.

टॅमसुलोसिनसारखी गोळी तिथले स्नायू सैल करते. फरक काही दिवसांतच जाणवतो. मात्र झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर या गोळीबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, कारण तिच्यामुळे बाहुली नीट मोठी होत नाही. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड ग्रंथी लहान करतात, पण ३ ते ६ महिने धीर धरावा लागतो. शिवाय पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो, तो वाचताना हे ध्यानात घ्यावं लागतं. औषधं पुरेनाशी झाली की दुर्बिणीतून किंवा लेझरने ऑपरेशन करतात. त्यात पोटावर टाके नसतात.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी अशा माणसाची लघवी अचानक अडकू शकते. त्या दुकानातून परस्पर घेऊ नका. लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट दुखू लागलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.