पाणी, पाषाण आणि पाठीवरची सॅक : भोपाळचा भोवताल

पाठीवर मावेल एवढेच सामान घेऊन, मुक्कामाचे आगाऊ नियोजन बेताचेच ठेवून, स्थानिक बस, पॅसेंजर गाडी आणि स्वतःचे पाय यांच्या बळावर अनोळखी शहर व त्याचा भोवताल पाहण्याच्या रीतीला आज बॅकपॅकिंग म्हटले जात असले, तरी महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. नर्मदा परिक्रमा, म्हणजे नदी सतत उजव्या हाताला ठेवून तिच्या दोन्ही काठांवरून केलेली पायी प्रदक्षिणा, मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत आणि गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी त्याच वाटेवर घडते. सह्याद्रीतल्या गडकोटांच्या भटकंतीने तर सॅक ही वस्तू मराठी घरांत रुळवली. असे असूनही नर्मदेच्या उत्तरेला रेल्वेने अवघ्या काही तासांवर असलेले भोपाळ बहुतेक मराठी प्रवाशांच्या लेखी दिल्लीच्या वाटेवरचे एक मोठे स्थानकच राहिले आहे, आणि हे मोठे नुकसान आहे. सुमारे पन्नास किलोमीटरच्या परिघात अश्मयुगीन माणसाच्या निवाऱ्यांपासून विसाव्या शतकातील सर्वांत भीषण औद्योगिक दुर्घटनेपर्यंतचा इतिहास जिथे पायी आणि साध्या बसने गाठता येतो, अशा जागा भारतात फार नाहीत.

भोपाळला समुद्र नाही आणि वाळवंटही नाही, परंतु पाणी आणि ओसाड खडक ही दोन टोके येथेही आहेत आणि त्यांच्या जोडीवरच या परिसराचा इतिहास उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या ज्या लाव्ह्यापासून सह्याद्री घडला, त्याचेच थर माळव्याच्या पठारावर पसरून तेथील काळी, कापसाची जमीन तयार झाली. भोपाळच्या आसपास मात्र या काळ्या थरांतून त्याहून कितीतरी जुन्या विंध्य वालुकाश्माच्या, म्हणजे वाळूचे कण दाबले जाऊन बनलेल्या तांबूस खडकाच्या, टेकड्या वर डोके काढतात. या टेकड्यांमधल्या खिंडी बांध घालून अडवल्या की तलाव होतो आणि त्यांच्या कड्यांना वाऱ्यापावसाने पोखरले की माणसाला राहता येईल असा निवारा होतो. पुढे जे जे पाहायला मिळेल, ते मनात एकत्र जुळण्यासाठी प्रवाशाने एवढे आधीच ध्यानात ठेवलेले बरे.

महाराष्ट्रातून भुसावळ, खंडवा, इटारसी या मार्गाने येणाऱ्याने शेवटचा टप्पा तरी दिवसाउजेडी करावा. नर्मदापुरमजवळ, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादजवळ, गाडी नर्मदा ओलांडते आणि बुधनी ते बरखेडा हा घाट चढत सागाच्या जंगलातून विंध्याच्या माथ्यावर येते. याच पट्ट्यात, रेल्वेच्या खिडकीतून दिसलेले खडकांचे विलक्षण आकार पाहून डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर गाडीतून उतरले आणि १९५७ साली भीमबेटकाच्या चित्रगुहांपर्यंत पोहोचले, असे सांगितले जाते. नीमच येथे मराठी कुटुंबात जन्मलेले आणि उज्जैन ही कर्मभूमी मानणारे वाकणकर हे चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ होते, आणि पाठीवर झोळी टाकून खेडोपाडी हिंडणे हीच त्यांची संशोधनाची पद्धत होती. या जागेचा उल्लेख त्यापूर्वी, १८८८ साली, स्थानिक आदिवासींनी दिलेल्या माहितीवरून झालेला होता, पण तो एक बौद्ध स्थळ म्हणून. भिंतींवरचा प्रागैतिहासिक चित्रसंभार जगापुढे आला तो वाकणकरांच्या पायपिटीमुळे, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांच्या उत्खननांनी येथील मानवी वस्तीचा क्रम पुराश्मयुगापर्यंत मागे नेला.

शहरातली भटकंती कमला पार्कपासून सुरू करावी, कारण रोज हजारो वाहने ज्यावरून जातात तो हा उंचवटा म्हणजेच मोठ्या तलावाला अडवून धरणारा मातीचा जुना बांध आहे. कोलांस नदीवरचा हा बांध परंपरेने अकराव्या शतकातील परमार राजा भोज याचा मानला जातो. तलावाला २०११ साली ‘भोजताल’ हे नाव अधिकृतपणे मिळाले असले, तरी भोपाळी माणूस त्याला आजही ‘बडा तालाब’ म्हणतो. सुमारे एकतीस चौरस किलोमीटरचा हा जलविस्तार आणि त्याच्याखाली १७९४ साली दिवाण छोटे खान यांनी बांधून घेतलेला छोटा तलाव, या दोघांना मिळून ‘भोज पाणथळ’ म्हणून २००२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. बांधावरच अठराव्या शतकाच्या आरंभीच्या गोंड राणी कमलापतीचा महाल आहे. तिच्यानंतर हा मुलूख दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराच्या हाती गेला आणि त्याच्या फतेहगढ किल्ल्याभोवती आजचे जुने शहर वाढले.

मराठी वाचकाला याच तलावाच्या काठाची आणखी एक ओळख आहे. डिसेंबर १७३७ मध्ये निजामाने भोपाळच्या किल्ल्याचा आणि तलावाचा आसरा घेतला, तेव्हा बाजीराव पेशव्यांनी थेट हल्ला न करता त्याची रसद तोडली. जे पाणी पाठीशी संरक्षण म्हणून घेतले होते, त्यानेच बाहेर पडण्याची वाट अडवली, आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराई येथे निजामाला माळवा सोडण्याचा करार करावा लागला. तलावाच्या काठाने चालल्याशिवाय या मोहिमेचा भूगोल नीट कळत नाही.

कमला पार्कवरून उत्तरेला चालत निघाले की एका पाठोपाठ एक बेगमांच्या इमारती लागतात. १८१९ ते १९२६ या काळात, मधली काही वर्षे वगळता, भोपाळचा कारभार कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ या चार स्त्रियांनी पाहिला, आणि ही गोष्ट केवळ कौतुकाने सांगून थांबण्यासारखी नाही. शहराच्या रचनेत ती जागोजागी दिसते. गोहर महाल आणि चौकातली जामा मशीद कुदसिया बेगमची आहे, आणि शहराला नळाने मोफत पाणी देण्याची व्यवस्थाही तिचीच. मोती मशीद सिकंदर बेगमची आहे. शाहजहाँ बेगमने आरंभलेली प्रचंड ताज-उल-मसाजिद मात्र पैशाअभावी रखडली आणि १९८५ साली पुरी झाली. या भागात संध्याकाळनंतर थांबावे. दुकाने मिटल्यावर त्यांच्या पुढच्या दगडी ओट्यांवर, ज्यांना येथे ‘पटिये’ म्हणतात, रात्री उशिरापर्यंत गप्पांचे अड्डे जमतात, किंचित मीठ घातलेला चहा फिरतो आणि ‘को खां’ या हाकेने सुरू होणारी खास भोपाळी हिंदी कानावर पडते. सकाळी याच गल्ल्यांत पोहे आणि जिलेबी मिळते, आणि तीच भटक्याची न्याहरी.

जुन्या शहराच्या उत्तरेला युनियन कार्बाइडचा बंद कारखाना आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री तेथील एका टाकीत पाणी शिरून मिथाइल आयसोसायनेट या, कीटकनाशक बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, अत्यंत विषारी द्रवाचा वायू झाला आणि तो समोरच्या जयप्रकाश नगरासारख्या गरीब वस्त्यांवर पसरला; सरकारी नोंदींप्रमाणेही मृतांची संख्या हजारोंत आहे आणि वाचलेल्यांचे आजार पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले आहेत. कारखान्याच्या आवारातील विषारी कचऱ्याने भोवतालचे भूजल दूषित झाले, इतके की वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला, आणि साठवून ठेवलेला सुमारे ३३७ टन कचरा तेथून हलला तो २०२५ च्या जानेवारीत. तलावांच्या शहरात विहिरीचे पाणी पिता येऊ नये, ही बाब भोपाळ पाहायला आलेल्या प्रत्येकाने जाणून घेतली पाहिजे. कारखान्यासमोर आई आणि मुलाचे शिल्प आहे. तेथपर्यंत जरूर जावे, परंतु ही वस्ती प्रेक्षणीय स्थळ नव्हे, माणसांची घरे आहेत, हे ध्यानात ठेवून कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

मोठ्या तलावाच्या दक्षिण काठावरच्या श्यामला टेकडीला एक पूर्ण दिवस लागतो. चार्ल्स कोरिया यांनी आखलेले भारत भवन १९८२ साली उघडले, आणि ते बाहेरून जवळजवळ दिसतच नाही, कारण सगळी दालने टेकडीच्या उतारात खाली उतरत्या अंगणांभोवती बसवलेली आहेत. चित्रकार ज. स्वामिनाथन यांनी येथे आदिवासी कलावंतांना शहरी चित्रकारांच्या बरोबरीचे स्थान दिले. पाटनगढच्या जनगढसिंह श्याम या तरुण गोंड चित्रकाराची कला येथूनच जगभर गेली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात देशभरच्या आदिवासी घरांच्या प्रत्यक्ष बांधलेल्या प्रतिकृती उघड्या टेकडीवर पसरलेल्या आहेत, आणि २०१३ साली सुरू झालेले जनजातीय संग्रहालय तर गोंड, भील, कोरकू, बैगा कारागिरांनी स्वतः घडवलेले आहे. या तिन्ही संस्था सोमवारी बंद असतात.

शहराबाहेर पडताना दक्षिणेची वाट आधी धरावी. सुमारे अठ्ठावीस किलोमीटरवर बेतवेकाठी भोजपूर आहे, जेथील भोजेश्वराचे मंदिर शिखराविना अपुरे राहिले आणि नेमके त्यामुळेच अभ्यासकांना अमूल्य ठरले. आत सुमारे साडेसात फूट उंचीचे अखंड शिवलिंग भव्य पीठावर उभे आहे. बाहेर मागच्या बाजूला दगड वर चढवण्यासाठी घातलेला मातीचा उतार अद्याप शिल्लक आहे, आणि भोवतालच्या सपाट खडकांवर स्तंभ, कळस व घडीव पट्ट्यांचे कोरून काढलेले आराखडे आहेत. हजार वर्षांपूर्वीचे बांधकाम कसे चाले, हे एखाद्या वास्तूच्या कार्यशाळेत उभे राहून पाहावे तसे येथे दिसते. याच परिसरात भोजाने टेकड्यांमधल्या खिंडी प्रचंड दगडी बांधांनी अडवून एक अफाट तलाव केला होता आणि पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशाहने तो फोडला. बांधाचे उरलेले भाग पाहिले की भोपाळचा मोठा तलाव हा एकटादुकटा प्रयत्न नव्हता, हे उमगते.

भीमबेटका भोपाळपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. नर्मदापुरमकडे जाणाऱ्या बसने ओबेदुल्लागंजच्या पुढच्या फाट्यावर उतरून, रेल्वेचे रूळ ओलांडून सुमारे तीन किलोमीटर चढ पायी जावे लागते, आणि ही चाल टाळण्याचे कारण नाही. येथे सातशेहून अधिक शैलाश्रय, म्हणजे कड्याखाली तयार झालेले नैसर्गिक निवारे, असून त्यांतील अनेकांत गेरूच्या लाल आणि पांढऱ्या रंगांत गवे, हरणे, हत्ती, फेर धरून नाचणारी माणसे, आणि कितीतरी नंतरच्या काळातले घोडेस्वार एकमेकांवर रंगवलेले आहेत. एकाच भिंतीवर हजारो वर्षांचे थर असल्याने ती घाईने पाहून काहीच हाती लागत नाही. येथील एका शैलाश्रयात अतिप्राचीन डिकिन्सोनिया या जीवाचा जीवाश्म सापडल्याचे २०२१ साली जाहीर झाले, पण पुढच्या तपासणीत ते मधमाश्यांच्या पोळ्याचे अवशेष निघाले, आणि खडकाचे वय जुने की तुलनेने अलीकडचे, या वादातला तो पुरावा मागे पडला. भोवतालच्या रातापानी अरण्याला २०२४ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देताना वाकणकरांचे नाव देण्यात आले. त्यामुळे, आणि भोपाळलगतच्या केरवा–कलियासोत परिसरातही वाघांचा वावर असल्याने, रानवाटांवर एकट्याने किंवा अंधारात भटकणे टाळावे.

ईशान्येला सांची आहे. स्तूपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठी प्रवाशाने मात्र दक्षिण तोरणावरचा एक लेख आवर्जून शोधावा, कारण त्यात सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याने दान दिल्याची नोंद आहे आणि तो राजा सातवाहन कुळातला आहे. त्याच तोरणावरचे काही कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचे आहे. सर जॉन मार्शल यांनी १९१२ ते १९१९ या काळात येथे जीर्णोद्धार केला, त्याला भोपाळच्या बेगमांचे आर्थिक साहाय्य होते. सांचीला उतरून मुक्काम केला, तर दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटरवरचे विदिशा, ग्रीक राजदूत हेलिओडोरस याने वासुदेवासाठी उभारलेला स्तंभ आणि उदयगिरीच्या गुप्तकालीन लेण्यांतला भव्य वराह सायकलनेही होतो.

या साऱ्यासाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो आणि वालुकाश्म तापतो. जुलै ते सप्टेंबरात मात्र तलाव भरून भदभदा धरणाचे दरवाजे उघडले जातात, ते दृश्य पाहण्यासाठी पावसाची गैरसोय सोसावी. दिवसभर पुरेल एवढे पाणी आणि टोपी सॅकमध्ये असावी. भीमबेटकावर खाण्याची भिस्त ठेवू नये. चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर पाणी शिंपडू नये, हात लावू नये, आणि कोणी तसे करताना दिसल्यास त्याला थांबवावे. सांची एक दिवस आणि भीमबेटका एक दिवस असा ठरीव बेत सोडून भोपाळसाठी किमान पाच दिवस काढावेत, आणि त्यांतले दोन तरी शहरातच पायी घालवावेत.